मेंदू नसलेल्या प्राण्याला स्पर्श कसा कळतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो असता ओहोटीच्या वेळी खडकातल्या एका डबक्यात माझ्या मुलीला फुलासारखा दिसणारा एक प्राणी आढळला. तिने गवताच्या काडीने त्याच्या एका पाकळीला हलकेच स्पर्श केला, तेव्हा तेवढी पाकळीच वाकली. जरा जोराने डिवचल्यावर मात्र तो पाहता पाहता मिटला आणि त्याचा मांसल गोळा झाला. तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितले, की हे समुद्रफूल असून त्याला मेंदू नसतो. मग काडी लागल्याचे कळते कुणाला, आणि मिटायचे की नाही हे ठरवते कोण? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या मुलीने एकाच काडीने दोन प्रयोग केले आणि त्या दोहोंचा निकाल वेगळा आला, ही गोष्ट फार मोलाची आहे. हलक्या स्पर्शाला एकच पाकळी हलते आणि जोरकस स्पर्शाला सारा देह मिटतो, याचा अर्थ स्पर्श किती मोठा होता याची मोजदाद त्या देहात कुठे तरी होते. ती कशी होते हे उलगडण्यात प्राणिशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या गेल्या, आणि हाती आलेले उत्तर मला आजही अतिशय सुंदर वाटते.

प्रथम त्या देहाची रचना पाहू. समुद्रफूल म्हणजे खडकाला तळाने चिकटलेली एक पोकळ, पाण्याने भरलेली नळी. नळीच्या वरच्या टोकाला मध्यभागी तोंड असते आणि त्याभोवती त्या ‘पाकळ्या’, ज्यांना प्राणिशास्त्रात संस्पर्शक म्हणतात. नळीच्या आत उभे पडदे असतात व त्यांतले स्नायू आखडले की वरची तबकडी आत ओढली जाते. आणि काठालगत एक वर्तुळाकार स्नायू असतो, तो आवळला की नाडी ओढलेल्या बटव्याप्रमाणे सगळे वरून बंद होते. पोटातले पाणी तोंडावाटे बाहेर पडते, म्हणून मिटलेला प्राणी इतका लहान दिसतो. आणि पुन्हा फुलण्यासाठी ते पाणी सूक्ष्म केसांच्या हालचालीने हळूहळू आत घ्यावे लागत असल्यामुळे मिटायला क्षण लागला तरी उमलायला बराच वेळ लागतो.

आता स्पर्शाची वाट धरू. संस्पर्शकांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म केस असलेल्या संवेदी पेशी विखुरलेल्या असतात. केस वाकला किंवा पेशीचे आवरण ताणले गेले की त्या आवरणातील प्रथिनांची दारे उघडतात, पाण्यातले विद्युतभारित क्षार आत शिरतात आणि त्यातून एक विद्युत-आवेग निर्माण होतो. ताणाचे विजेत रूपांतर करण्याची ही युक्ती प्राणिसृष्टीत फार जुनी आहे. माणसाच्या त्वचेतल्या अशा दारांचा शोध लावल्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर विभागून मिळाले. म्हणजे काडी लागल्याचे कळणे, या पहिल्या पायरीपर्यंत समुद्रफूल आणि आपण यांच्यात फार अंतर नाही.

अंतर पडते ते पुढच्या पायरीवर. आपल्या बोटाला काडी लागली तर तो आवेग मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे जातो. समुद्रफुलात असे मुक्कामाचे ठिकाण नाही. त्याच्या चेतापेशी त्वचेखाली मासेमारीच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात, आणि या जाळ्याच्या कोणत्याही गाठीला धक्का लागला तरी आवेग तिथून सर्व दिशांना पसरू शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात जॉर्ज रोमानीस यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जेलीफिशवर प्रयोग करताना हे विलक्षण रीतीने दाखवून दिले होते. जेलीफिशच्या छत्रीला त्यांनी नागमोडी आणि चक्राकार छेद दिले, इतके की छत्रीची एक लांबलचक पट्टी झाली, तरीही एका टोकाला उठलेली आकुंचनाची लाट वळणे घेत घेत दुसऱ्या टोकापर्यंत पोचत असे. ठरावीक तारांवरून निरोप जात असता तर पहिल्या काही छेदांतच ती लाट थांबली असती. तिला वाट सापडत राहिली, कारण जाळ्यात एक धागा तुटला तरी शेजारचा शिल्लक असतो.

इथे मात्र आपल्या मुलीचा प्रयोग आडवा येतो. आवेग जर सर्वत्र पसरतो, तर हलक्या स्पर्शालाही सारा प्राणी मिटायला हवा होता. हा पेच केंब्रिजचे कार्ल पँटिन यांनी १९३५ साली सोडवला. त्यांनी शंखातल्या खेकड्यांच्या पाठीवर वस्तीला असणाऱ्या एका समुद्रफुलावर काम केले आणि काडीऐवजी विजेचे अतिशय सौम्य, मोजूनमापून दिलेले धक्के वापरले. एक धक्का दिला तर काहीच झाले नाही, आणि धक्क्याची तीव्रता वाढवूनही फरक पडला नाही. पण पहिल्यानंतर थोड्याच अवधीत दुसरा धक्का दिला, तर काठाचा स्नायू आखडला. दोन धक्क्यांत सुमारे तीन सेकंदांहून अधिक अंतर ठेवले, तर पुन्हा काहीच होईना.

याचा उलगडा असा, की पहिला आवेग जाळ्यातून सगळीकडे जातोच. तो स्नायूपर्यंत पोचतोही, परंतु त्या वेळी तो स्नायू हलवीत नाही, केवळ त्याचे दार किलकिले करून ठेवतो. ते दार काही क्षण तसे राहते आणि मग मिटते. तेवढ्यात दुसरा आवेग आला तर तो आत शिरतो, तिसरा त्याहून सहज शिरतो. हलका स्पर्श एखाददुसराच आवेग उठवतो, जोरकस स्पर्श आवेगांची माळ उठवतो. म्हणून प्राण्याला स्पर्शाचा जोर कळतो तो आवेगांच्या संख्येतून आणि त्यांच्यातल्या अंतरातून. जी मोजदाद आपण मेंदूत होत असेल असे समजतो, ती इथे चेतापेशी आणि स्नायू यांच्या सांध्यांवर, एकाच वेळी अनेक ठिकाणी होते.

त्याहून पुढची गोष्ट अशी, की सर्व स्नायूंची दारे सारख्या वेगाने मिटत नाहीत. काही स्नायू जलद येणाऱ्या आवेगांनाच दाद देतात, तर काही संथ, दीर्घकाळ चाललेल्या आवेगांनी सावकाश आखडतात. त्यामुळे एकाच जाळ्यातून वेगवेगळ्या लयीत निरोप पाठवून वेगवेगळ्या हालचाली घडवता येतात. शिवाय उभ्या पडद्यांतले लांब चेतातंतू आवेग सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या वेगाने नेतात, म्हणून आणीबाणीत काठाचा स्नायू सगळीकडून एकदमच आवळला जातो. एका पाकळीचे वाकणे हे तिच्या मुळापुरतेच राहणारे, स्थानिक जाळ्याचे आणि तिच्याच स्नायूंचे काम असते. अशा जाळ्यासारख्या पसरलेल्या चेतासंस्थेला पुस्तकांत ‘विसरित’ म्हणतात; या शब्दावरून ही व्यवस्था विस्कळीत असेल असा समज होतो आणि दुर्दैवाने पाठ्यपुस्तकेही तो दूर करीत नाहीत. वास्तविक ती काळाचा फार काटेकोर हिशेब ठेवणारी व्यवस्था आहे.

मुलीला पुढचा प्रयोग सुचवायचा असेल, तर तो असा : वाळूचा कण आणि कोळंबीचा बारीक तुकडा हे दोन्ही जवळजवळ सारख्याच हलकेपणाने संस्पर्शकांवर ठेवून पाहावेत. वाळू बहुधा सोडून दिली जाते, कोळंबी धरून तोंडाकडे नेली जाते. स्पर्श सारखा असूनही वागणे बदलते, कारण स्पर्शाबरोबर चवही तपासली जाते. ग्लेन वॉटसन आणि डेव्हिड हेसिंजर यांनी १९८९ मध्ये दाखवले, की भक्ष्याच्या अंगावरील विशिष्ट शर्करा संस्पर्शकाला जाणवल्या, की त्याच्या दंशपेशींजवळचे (विषारी धागा फेकणाऱ्या पेशींजवळचे) केसांचे झुबके आपली ‘जुळणी’ बदलतात आणि पोहणाऱ्या बारीक जिवांच्या हालचालीतून उठणाऱ्या मंद कंपनांना अधिक संवेदनशील होतात. एखाद्या गवयाने गाण्याआधी तंबोरा खाली उतरवून लावावा, तसेच काहीसे हे आहे. हे सारे त्वचेतच घडते. प्रयोग करताना एवढे सांभाळावे, की प्राण्याला खडकावरून उपटू नये, बोटांऐवजी मऊ काडी वापरावी आणि एकदा मिटलेल्या प्राण्याला पुन्हा उमलेपर्यंत त्रास देऊ नये.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची पदवीची विद्यार्थिनी आहे. प्रात्यक्षिकात आम्हाला जिवंत हायड्रा (तळ्यातल्या पाण्यात राहणारा, समुद्रफुलाच्या गोतावळ्यातला बारीक जीव) दाखवला; सुईचे टोक लागताच तो आखडून गोळा झाला. पुस्तकात ‘हायड्रात विसरित चेतासंस्था असते’ एवढे एकच वाक्य आहे. याहून अधिक काही माहीत झाले आहे का? शिवाय पुन्हा पुन्हा सुई लावल्यावर तो आखडेनासा झाला, तो दमला म्हणून की त्याला सवय झाली म्हणून? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : बरेच काही माहीत झाले आहे, आणि आपला दुसरा प्रश्न तर नेमका तोच आहे जो साठ वर्षांपूर्वी संशोधकांनी विचारला होता.

हायड्राची कहाणी मुळात या आखडण्यापासूनच सुरू होते. इ. स. १७४०च्या सुमारास हेगजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवणारे अब्राहम ट्रेम्बली यांना तळ्यातल्या पाण्यात हे हिरवे, बारीक जीव सापडले, तेव्हा ते त्यांना वनस्पतीच वाटले. पाण्याचे भांडे हलवले की ते आखडतात हे पाहून त्यांच्या मनात शंका आली. वनस्पती की प्राणी हे ठरवण्यासाठी त्यांनी त्यांचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण जीव तयार झाल्याने कोडे अधिकच गहन झाले! १७४४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे हे काम प्रायोगिक प्राणिशास्त्राच्या आरंभीच्या कामांत गणले जाते. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे, याची नोंद आपण जरूर घ्यावी. पुढे शिकण्याचा विचार असेल तर हा विषय घरापासून लांब नाही.

हायड्राच्या भिंतीत पेशींचे दोनच थर असतात. बाहेरच्या थरातील पेशींचे स्नायुतंतू उभे असतात, ते आखडले की देह आखूड होतो. आतल्या थरातले आडवे असतात, ते आखडले की देह लांब आणि बारीक होतो. या दोन्ही थरांत मिळून काही शेकडा ते काही हजार चेतापेशी असतात. प्राणी पारदर्शक आणि चेतापेशी मोजक्या, यामुळे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील क्रिस्तोफ द्युप्रे आणि राफाएल युस्ते यांना २०१७ मध्ये एक अपूर्व गोष्ट साधली. त्यांनी चेतापेशी सक्रिय झाली की चमकेल असा हायड्रा जनुकीय बदलाने तयार केला आणि जिवंत, हालचाल करणाऱ्या प्राण्याच्या जवळजवळ सगळ्या चेतापेशींचे काम एकाच वेळी चित्रित केले. त्यात दिसून आले, की जे एक जाळे मानले जात होते, त्यात वस्तुतः अनेक स्वतंत्र जाळी एकमेकांत विणलेली आहेत : आकुंचनाच्या वेळी एक जाळे चमकते, प्रकाशामुळे देह लांबवताना दुसरे, आणि एका जाळ्यातली पेशी दुसऱ्या जाळ्यात भाग घेत नाही. सुई लागताच आखडणे हे या पहिल्या, आकुंचनाच्या जाळ्याचे काम. पुस्तकातले ते एक वाक्य चुकीचे नाही, पण ते गावाच्या सगळ्या रस्त्यांना एकच रस्ता म्हणण्यासारखे आहे.

एक गोष्ट मला या सर्वांहून अधिक चकित करते. हायड्राच्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात आणि जुन्या पेशी हळूहळू टोकांकडे सरकून गळून पडतात. सुमारे तीन आठवड्यांत बहुतेक देह नवा होतो. चेतापेशीही याला अपवाद नाहीत. म्हणजे आपण ज्या जाळ्याला सुई लावली, त्याचे धागे काम चालू असतानाच बदलले जात होते, आणि तरीही आखडण्याची क्रिया एक दिवसही बंद पडत नाही. याउलट, १९७०च्या दशकात रिचर्ड कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्चिसिन या रसायनाच्या साहाय्याने चेतापेशीच नसलेले हायड्रा तयार केले. ते जगले, वाढले, त्यांना कळ्याही (अंगावरच फुटणारी पिल्ले) आल्या; पण ते जवळजवळ निश्चल राहत, आपले भक्ष्य आपण खाऊ शकत नसत, आणि त्यांना हाताने भरवावे लागे. जगण्यासाठी चेतापेशी अनिवार्य नाहीत, जगाला प्रतिसाद देण्यासाठी मात्र आहेत, हे यातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातूनही होत नाही.

आता सवयीविषयी. १९६०च्या दशकात नॉर्मन रशफोर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्राचे भांडे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा हलवले, तेव्हा आखडणारे प्राणी कमी कमी होत गेले. मग त्यांनी त्याच प्राण्यांवर तीव्र प्रकाश टाकला, आणि ते लगेच आखडले. स्नायू दमले असते तर प्रकाशालाही प्रतिसाद मिळाला नसता. म्हणून ही सवयच होय : निरुपद्रवी ठरलेल्या हालचालीकडे दुर्लक्ष करणे, तेही मेंदूवाचून. आपल्या प्रात्यक्षिकातही हे पडताळता येईल. हायड्रा सुईला दाद देईनासा झाला की त्याच्यावर दिव्याचा झोत टाका आणि आखडायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा.

प्रश्न : लाजाळूचे झाडही हात लावताच मिटते. मग लाजाळू आणि हायड्रा यांत फरक तो काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दिसायला साम्य आहे, आणि काही अंशी ते खरेही आहे. स्पर्श झाल्यावर लाजाळूतही विद्युत-आवेग निर्माण होतो आणि देठातून पुढे जातो. वनस्पतींमधील अशा विद्युत-प्रतिसादांवर जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेले काम प्रसिद्धच आहे. फरक आहे तो हालचालीच्या यंत्रणेत. लाजाळूला चेतापेशी नाहीत आणि स्नायूही नाहीत. पर्णिकांच्या बुंध्याशी असलेल्या फुगीर सांध्यातील पेशींमधून क्षार आणि त्यांच्यामागोमाग पाणी बाहेर जाते, त्या बाजूच्या पेशी सैल पडतात आणि पान गळाल्यासारखे मिटते. ते पाणी परत भरायला कित्येक मिनिटे लागतात. हायड्रात आकुंचन स्नायुतंतूंचे असल्याने तो एकाच यंत्रणेतून आखडू, लांबू, वाकू आणि कोलांट्या घेत चालूही शकतो. लाजाळूपाशी मिटण्याखेरीज दुसरा प्रतिसाद नाही.

प्रश्न : पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर पडलेल्या निळ्या ‘ब्लू बॉटल’ला माझ्या भाच्याचा पाय लागला आणि त्याला भयंकर आग झाली. तो प्राणी तर मेलेला, सुकत आलेला होता. मेलेल्या प्राण्याला स्पर्श कसा कळला? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : इथे स्पर्श प्राण्याला कळलाच नाही; तो एकेका पेशीला कळला. ब्लू बॉटल हा समुद्रफूल आणि हायड्रा यांचाच गोतावळा. त्याच्या लांब दोऱ्यांवर हजारो दंशपेशी असतात, आणि प्रत्येक पेशीत एक कुपी असते, जिच्यात पोकळ धाग्याचे वेटोळे प्रचंड दाबाखाली, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे १५० पट दाबाखाली, भरून ठेवलेले असते. पेशीवरच्या केसाला धक्का लागला की कुपीचे झाकण उडते आणि विषारी धागा बाहेर फेकला जातो. हायड्राच्या अशा कुपीचे उडणे जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले, तेव्हा धाग्याच्या टोकाला बाहेर पडायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागल्याचे आढळले. जिवंत प्राण्यात चेताजाल या पेशींना आवर घालते किंवा सज्ज करते, परंतु बार उडवण्यासाठी त्या जाळ्याच्या आज्ञेची गरज नसते. म्हणून प्राणी मेल्यावर, दोरा तुटून वेगळा पडल्यावर, आणि काही वेळा सुकल्यावरही, दाबाने भरलेली कुपी आपले काम करते.

यातूनच उपचाराची दिशा ठरते. दंश झालेली जागा चोळू नये, कारण चोळल्याने न उडालेल्या कुप्या उडतात. याच कारणासाठी नळाच्या गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्या पाण्याने धुवावे. कातडीला चिकटलेले दोरे बोटांनी न काढता चिमट्याने किंवा जाड कापडाने उचलावेत. त्यानंतर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, वीसएक मिनिटे ठेवल्याने वेदना कमी होतात. मूल लहान असेल तर पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर तपासून घ्यावे. श्वास लागणे, छातीत दुखणे किंवा अंगभर पुरळ उठणे असे काही दिसल्यास न थांबता डॉक्टरांकडे न्यावे. आणि वाळूवर पडलेला निळा फुगा कितीही कोरडा दिसला, तरी त्याचे दोरे त्याच्यापासून पुष्कळ लांबवर वाळूत पसरलेले असू शकतात, हे भाच्याला आणि त्याच्या मित्रांनाही दाखवून ठेवावे.